जिवंत घास

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मराठी घरांपैकी अनेक घरांच्या दिवाणखान्यात माशांची काचपेटी आढळते. सकाळी कामावर निघताना डबीतील कोरड्या खाद्याची एक चिमूट पाण्यावर सोडली, सोनमासे वर येऊन ती टिपू लागले, की घरातील लहानथोरांचे समाधान होते. गोड्या पाण्यातील या सोशिक माशांना एवढे पुरते. ज्यांनी बालपणी सुट्टीत मुंबईस जाऊन, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र दुसरेच मासे असतील. ते खाऱ्या पाण्यातील, अधिक रंगीत आणि अधिक हट्टी. अलीकडे तयार समुद्री मीठ, पंप आणि दिवे दुकानांत मिळू लागल्यापासून असे मासे घरी ठेवण्याची हौसही वाढली आहे.

या खाऱ्या पाण्यातील माशांत काही जाती अशा आहेत, की त्या चिमटीतल्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. समोरचे भक्ष्य हलले, पोहले, जिवंत आहे अशी त्यांची खात्री पटली, तरच त्यांचे तोंड उघडते. असा मासा घरी आणणाऱ्याने माशाआधी माशाचे अन्न पाळावयास शिकले पाहिजे. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. ती मी एका मुक्या जिवाच्या मोलाने शिकलो.

चोपड्याचा पाहुणा

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा नववीत होतो. आमचे घर पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी असलेल्या चोपडे गावात. त्या काळी शिवोलीहून चोपड्याला यावयाचे तर फेरीबोटीने यावे लागे. पावसाळा सरून नदीचे पाणी पुन्हा खारे होऊ लागले होते. एके सकाळी शेजारचे एक मासेमार काका पागेर टाकून परतले, तेव्हा त्यांच्या टोपलीत खेकडे, शेवटे आणि थोडे पाणगवत होते. त्या गवताला शेपटीचा वेढा घालून बसलेला एक समुद्रघोडा होता. पिवळसर करडा, हाताच्या बोटाएवढा, आणि आपल्याला कोणी उचलून आणले आहे याची दखलही न घेतलेला.

"हो कोणूय खायना," काका वडिलांना म्हणाले. "चेड्याक खेळपाक दी."

घरात माझी एक काचपेटी रिकामी पडली होती. वडिलांनी मोरजीच्या किनाऱ्यावरून दोन कळश्या समुद्राचे पाणी आणले. गवतासकट पाहुणा पेटीत उतरला. त्या दिवशी शेजारपाजारची मुले आमच्या ओटीवरून हलली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला जेवू घालू लागलो. आमच्याकडे वाळवलेला जवळा, ज्याला गोव्यात गालमो म्हणतात, तो नेहमीच असे. तो मी खलबत्त्यात कुटून पाण्यात टाकला. समुद्रघोड्याने त्याकडे पाहिले नाही. आईने उकडलेल्या सुंगटांचे तंतू काढून दिले, तेही तळाशी गेले. उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून टाकला, त्याने पाणी गढूळ झाले. चौथ्या दिवशी एकदाच तो खाताना दिसला. गवताबरोबर आलेले केसाएवढे एक कोळंबीचे पिल्लू त्याच्यासमोरून पोहत गेले. त्याने मान किंचित वर केली, टक् असा बारीक आवाज झाला आणि ते पिल्लू दिसेनासे झाले. आम्ही टाळ्या पिटल्या. हा मासा आपल्याला काय सांगतो आहे, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. मी गालमोची मात्रा तेवढी वाढवली.

अकराव्या दिवशी सकाळी तो पेटीच्या तळाशी आडवा पडला होता. भोवती न खाल्लेल्या अन्नाचा थर होता आणि पाण्याला वास येत होता. वडील म्हणाले, पाणी बदलावयास हवे होते. आजी ओटीवर वाती वळीत बसली होती. ती एवढेच म्हणाली, "उपाशी मेलो रे तो."

ज्या घरात दारी आलेल्याला पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा दिल्यावाचून जाऊ देत नसत, त्या घरात एक पाहुणा अन्नाच्या राशीत उपाशी मेला होता. हे वाक्य मला पुढे फार वर्षे टोचत राहिले.

पोट नसलेला मासा

समुद्रघोड्याला दात नसतात आणि पोटही नसते, हे मला कितीतरी वर्षांनी वाचावयास मिळाले. पोट म्हणजे अन्न साठवून सावकाश पचविण्याची पिशवी. ती याच्या शरीरात नाही. गिळलेले भक्ष्य सरळ आतड्यातून पुढे सरकते आणि त्यातले जेवढे वाटेत शोषले जाईल तेवढेच अंगी लागते. त्यामुळे आपल्यासारखे सकाळ-संध्याकाळ जेवून याचे भागत नाही. दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने, लहान लहान घास पोटी जात राहिले तरच तो जगतो.

त्याचे पोहणेही मंद. पाठीवरचा एकच लहानसा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा हलवून तो कसाबसा पुढे सरकतो. भक्ष्याचा पाठलाग करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून तो गवताला शेपटीने धरून स्वस्थ बसतो. त्याचे दोन डोळे स्वतंत्रपणे फिरतात. एखादा बारीक कवचधारी जीव नळीसारख्या तोंडाच्या टप्प्यात आला, की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत मान झटकून तो त्याला ओढून घेतो. मी ऐकलेला टक् असा आवाज तो हाच. या सगळ्या शिकारीचे सूत्र हालचालीत आहे. जे हलत नाही ते त्याच्या दृष्टीने अन्नच नव्हे. माझा गालमो उत्तम प्रतीचा असेल, परंतु त्याच्या लेखी तो केवळ कचरा होता.

शापोरेच्या खाडीत त्याला उपास घडत नव्हता, याचे कारणही यातच आहे. खारफुटीच्या मुळांत आणि पाणगवतात अशा बारीक जिवांची अखंड पैदास चाललेली असते. प्रत्येक भरती-ओहोटीबरोबर त्याच्या तोंडावरून जेवण वाहत जाते. आम्ही त्याला त्या वाहत्या पंगतीतून उठवून कळशीभर स्वच्छ पाण्यात बसवले होते.

१९६६ साली स्थापन झालेल्या, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, आपल्या खाड्यांत सापडणाऱ्या हिप्पोकॅम्पस कुडा या समुद्रघोड्याच्या संगोपनावर पुढे संशोधन झाले. प्रयोगशाळेत हे मासे वाढवावयाचे तर सर्वांत मोठा प्रश्न अन्नाचा असतो. या माशात नर आपल्या उदरपिशवीत अंडी सांभाळतो आणि एका वेळी शेकड्यांनी पिल्ले बाहेर सोडतो. त्या प्रत्येक पिल्लाला पहिल्या दिवसापासून जिवंत भक्ष्य लागते. म्हणून समुद्रघोडे वाढविणाऱ्या ठिकाणी माशांच्या टाक्यांइतकीच जागा आणि मेहनत त्यांच्या अन्नाच्या टाक्यांना द्यावी लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. समुद्रघोडे वाळवून परदेशी औषधबाजारात धाडण्याचा व्यापार इतका वाढला, की जुलै २००१ मध्ये भारत सरकारने समुद्रघोडे आणि त्यांचे भाऊबंद असलेले नळीमासे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. २००४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले. समुद्रातून वा खाडीतून समुद्रघोडा पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९९४ साली आमच्या हातून जे अज्ञानाने घडले, ते आज कोणी हौसेनेही करू नये. जाळ्यात सापडला तर त्याला गवतासकट त्याच पाण्यात सोडावे.

डिचोलीचा फोन

तथापि प्रश्न समुद्रघोड्यापुरता राहिलेला नाही. २०२१ च्या जानेवारीत माझ्या भाच्याचा फोन आला. बहीण डिचोलीला दिलेली. तिच्या मुलाने नोकरीच्या पहिल्या पैशांतून खाऱ्या पाण्याची साठ लिटरची पेटी मांडली होती आणि तिच्यात परदेशातून आलेला एक मँडरिन मासा सोडला होता.

या माशाचे रूपच असे, की पाहणाऱ्याचा पाय दुकानातून निघत नाही. निळ्या अंगावर नारिंगी वळणावळणाची वेलबुट्टी असते. जुन्या काळच्या चिनी अधिकाऱ्यांच्या भरजरी झग्यांवरून त्याला हे नाव पडले. हर्रे या शास्त्रज्ञाने १९२७ साली फिलिपाइन्समधून या जातीचे प्रथम वर्णन केले. बहुतेक प्राण्यांच्या अंगावर दिसणारा निळा रंग हा प्रकाशाच्या परावर्तनाचा खेळ असतो. या माशाच्या त्वचेत मात्र खरोखरचे निळे रंगद्रव्य आहे, असे १९९५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. मासा जपानच्या दक्षिणेकडील बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळखडकांत राहतो. आपल्या अरबी समुद्राशी त्याचा संबंध नाही. पण उपाशी मरण्याच्या बाबतीत तो चोपड्याच्या पाहुण्याचा सख्खा भाऊ शोभतो.

"मामा," भाचा म्हणाला, "तो दिवसभर काही ना काही टिपतोच आहे. मग वाळत का चालला आहे?"

मी दुसऱ्याच दिवशी डिचोलीला गेलो. मासा रंगाने अजून झळझळीत होता. परंतु वरून पाहिले तेव्हा डोक्यामागे पाठ निमुळती झालेली आणि बाजूने पाहिले तेव्हा पोट आत गेलेले दिसले. पेटी मांडून जेमतेम चार महिने झाले होते. मँडरिन मासा खडकांवरून हळूहळू फिरत कोपेपॉड नावाचे अतिसूक्ष्म कवचधारी जीव एक एक करून टिपतो. समुद्रात त्याला एका दिवसात असे असंख्य घास मिळतात. नव्या, लहान पेटीत जे थोडे कोपेपॉड असतात ते तो दोन-तीन आठवड्यांत संपवितो. त्यानंतरही तो सवयीने टिपतच राहतो. मात्र जे मिळते त्याहून शोधण्यात अधिक खर्च होते. खाताना दिसणारा मासा खरोखरी उपाशी असू शकतो, ही या जातीची फसगत आहे. पाहणाऱ्याला संशय येईपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते.

विकणाऱ्याने हे त्याला सांगितले नव्हते. सांगितले असते तर त्याने मासा घेतला नसता, असे भाचा म्हणाला. मला आजीचे वाक्य आठवले. या वेळी निदान दुखणे कळले होते.

मिठागराचे मीठ

पहिली निकड होती ती चोवीस तासांत मिळेल अशा जिवंत अन्नाची. असे अन्न एकच आहे, ते म्हणजे आर्टेमिया. हा बारीक कवचधारी जीव अतिखाऱ्या पाण्यात राहतो. आपल्या देशात तो राजस्थानच्या सांभर सरोवरात आणि तुतिकोरिनच्या मिठागरांत आढळतो. पाणी आटू लागले, की तो जाड कवचाची अंडी घालतो. ही अंडी कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे टिकतात आणि पुन्हा खाऱ्या पाण्यात पडली, की एका दिवसात फुटतात. १९३३ साली अमेरिकेत सील याने आणि १९३९ साली नॉर्वेत रोलेफसेन याने, या नवजात पिल्लांवर माशांची पिल्ले वाढतात असे दाखवून दिले. तेव्हापासून जगभरच्या मत्स्यबीज केंद्रांचा संसार या डबाबंद अंड्यांवर चालला आहे. एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लाख अंडी भरतात.

कृती सोपी आहे. प्लास्टिकची दीड-दोन लिटरची बाटली घेऊन तिचा तळ कापावा, बूच घट्ट लावावे आणि ती उलटी टांगावी. तिच्यात एक लिटर पाणी आणि पंचवीस ते तीस ग्रॅम जाडे मीठ घालावे. अंडी पाव चमचा पुरेत. हवेच्या पंपाची नळी थेट खालच्या टोकापर्यंत सोडावी, म्हणजे अंडी सतत ढवळली जातील. वर दिवा ठेवावा. पाणी सव्वीस ते अठ्ठावीस अंश उष्ण असावे. गोव्यात त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, परंतु इंदूर वा दिल्लीच्या थंडीत बाटली उबेत ठेवावी लागेल. चोवीस तासांनी हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि मध्ये नारिंगी धुक्यासारखी पिल्ले दिसतात. बाटलीच्या खालच्या भागावर बाजूने विजेरीचा प्रकाश टाकला, की ती तेथे गोळा होतात. बारीक नळीने ती काढून दाट विणीच्या तलम कापडातून गाळावी, साध्या पाण्याने धुवावी आणि माशाला द्यावी. टरफले मात्र जाऊ देऊ नयेत. ती पचत नाहीत आणि लहान माशाचे आतडे तुंबवितात.

या बाटलीसाठी लागणारे मीठ आम्ही पेडणे तालुक्यातीलच आगरवाड्याचे वापरले. आगर म्हणजे मिठागर, आणि गावाच्या नावातच त्याचा धंदा आहे. शापोरेच्या भरतीचे पाणी चौकोनी वाफ्यांत घेऊन उन्हाळ्याच्या दिवसांत ते आटवावयाचे आणि मीठ ओढून ढीग लावावयाचे, हे काम तेथे पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्या मिठात वेगळे काही मिसळलेले नसते. आर्टेमियाला ते उत्तम मानवते.

हेच मीठ विरघळवून माशाच्या पेटीत का घालू नये, असे भाच्याने विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर मिठागरातच आहे. पाणी आटू लागले, की चुन्याचे क्षार आधी खाली बसतात, मग खाण्याचे मीठ धरते आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. ते पाणी सोडून दिले जाते. म्हणजे जाडे मीठ हा समुद्राचा एक भाग झाला, संपूर्ण समुद्र नव्हे. एक दिवस जगावयाच्या पिल्लांना तो भाग पुरतो. वर्षानुवर्षे जगावयाच्या माशाला आणि खडकांवरील जिवांना सगळेच क्षार लागतात. त्यांच्यासाठी तयार समुद्री मीठ, लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या मानाने, घ्यावे हे बरे. नदीचे पाणी आणावे म्हटले तर जूनपासून मांडवी आणि शापोरा या दोन्ही नद्यांचे वरचे पाणी पावसाने गोडे होते, आणि डिचोलीच्या बाजूला त्यात तांबडी मातीही उतरते.

आर्टेमियाचे एक वैगुण्य सांगितले पाहिजे. नवजात पिल्लू स्वतः काही खात नाही. अंड्यातून आणलेल्या बलकाच्या शिदोरीवर ते जगते आणि तासागणिक ती शिदोरी आटत जाते. म्हणून पिल्ले निघाल्याबरोबर लगेच द्यावी. सुमारे अर्ध्या दिवसाने त्यांचे तोंड उघडते. त्यानंतर त्यांना हिरव्या शेवाळाचे पाणी पाजून मगच माशाला द्यावी. मोठ्या माशाला उपयुक्त अशी काही स्निग्ध द्रव्ये आर्टेमियात मुळातच कमी असतात. केवळ त्यावर ठेवलेला मासा काही दिवस तगतो, परंतु धरत नाही.

विरजणाचा नियम

कायमचा उपाय म्हणजे कोपेपॉडची पैदास. ओळखीच्या एका हौशी गृहस्थांकडून आम्ही वाटीभर कोपेपॉड आणले आणि बहिणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन बरण्या मांडल्या. एका बरणीत केवळ हिरवे शेवाळपाणी, दोहोंत कोपेपॉड. हवा अगदी मंद सोडावयाची, थेंब थेंब बुडबुडे येतील एवढीच. दोन-तीन दिवसांनी शेवाळपाणी पळीभर घालावयाचे. पाणी फिकट झाले म्हणजे त्यांनी ते खाल्ले असे समजावे, आणि हिरवेच राहिले तर पुढची पळी थांबवावी. अधिक घातले तर पाणी कुजते आणि सगळी वस्ती एका रात्रीत मरते. दोन आठवड्यांत बरणीच्या काचेवर पांढरे ठिपके सरपटताना दिसू लागले. बहिणीने नाक मुरडले खरे, पण आठ दिवसांत तीच रोज सकाळी बरणी उजेडाकडे धरून पाहू लागली.

"हे तर विरजणासारखेच झाले," ती म्हणाली. याहून नेमके मला सांगता आले नसते. रोजचे ताक करावे, परंतु उद्याच्यासाठी चमचाभर मागे ठेवावे. शिवाय विरजण नासले तर शेजारच्या घरी वाटी घेऊन जाता येते. म्हणून बरण्या नेहमी दोन असाव्यात आणि तिसरी एखाद्या मित्राच्या घरी. आम्ही कोणत्याही बरणीतून एका वेळी चौथ्या हिश्शाहून अधिक काढीत नसू.

खाडीतून जाळीने गाळून असे जीव आणता येतील हे खरे. परंतु त्यांच्याबरोबर कोणते परजीवी आणि कोणते भक्षक घरी येतील याचा भरवसा नसतो. आम्ही तो मार्ग धरला नाही.

तिसरी गोष्ट भाच्याने स्वतःच्या हाताने केली. मोठ्या पेटीशेजारी त्याने एक लहान पेटी जोडली, तिच्यात समुद्री शेवाळाचा गुंता आणि खडकांचे तुकडे ठेवले आणि पाणी दोहोंतून फिरते केले. या लहान पेटीत मासा जाऊ शकत नाही. त्यामुळे तेथे कोपेपॉड निर्वेधपणे वाढतात आणि पाण्याबरोबर थोडे थोडे मोठ्या पेटीत उतरतात. ही कल्पना त्याला नवी वाटली, पण आपल्या गोव्यात ती फार जुनी आहे. डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी खाजणे आहेत. बांध घालून नदीपासून तोडलेली ही सखल जमीन. बांधात मानस असते, म्हणजे भरतीचे पाणी किती आत घ्यावयाचे आणि ओहोटीला किती सोडावयाचे हे राखणारा लाकडी दरवाजा. आतल्या शांत पाण्यात, खारफुटीच्या सावलीला, कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळे लावून ती धरतात. मोठे पाणी, शेजारी राखलेले लहान पाणी आणि दोहोंमधला मोजका दरवाजा. भाच्याची जोडपेटी म्हणजे खिडकीतले खाजणच होते.

नित्याची निगा

पहिले दोन आठवडे दिवसातून चार वेळा आर्टेमिया दिला. पंपाचा प्रवाह तेवढ्यापुरता बंद करावयाचा आणि खडकाजवळ ठेवलेल्या काचेच्या लहान बशीत नळीने पिल्ले सोडावयाची. प्रवाह चालू असला तर निम्मे जेवण गाळणीत जाते. मासा तीन दिवसांत ती बशी ओळखू लागला. पुढे कोपेपॉड मिळू लागले तशी आर्टेमियाची पाळी कमी केली. बशीत जिवंत पिल्लांबरोबर बर्फात गोठवलेली बारीक कोळंबीही मिसळून पाहिली. काही मँडरिन अशा रीतीने मृत अन्न घ्यावयास शिकतात. अमेरिकेत २०१० च्या सुमारास पाळीव अवस्थेत जन्मलेले आणि लहानपणीच अशी सवय लावलेले मँडरिन विक्रीस आले, तेव्हापासून हे शक्य आहे एवढे तरी सिद्ध झाले. आमच्या माशाने मात्र ती कोळंबी तोंडात घेऊन थुंकली. जिवंत घासाचा त्याचा आग्रह अखेरपर्यंत सुटला नाही.

दर रविवारी भाचा त्याचे पोट पाही आणि वहीत नोंद करी. रंग फसवितो, चपळाई फसविते, पोट फसवीत नाही. सातव्या रविवारी पोटाची खळगी भरली. दहाव्या रविवारी पाठही गोल झाली. दरम्यान त्याने पेटी बदलून दोनशे लिटरची केली आणि कोपेपॉडवरच ताव मारणारा दुसरा एक लहान मासा मित्राला देऊन टाकला. एका ताटावर दोन आशाळभूत नकोत, हे त्याला आता कळले होते.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. पावसाळ्यात वीज जाई, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप कामास येई. चवथीला सारे घर पेडण्यास यावयाचे, तेव्हा बरण्यांना आणि बशीला कोण पाहणार हा प्रश्न उभा राही. पहिल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी पाच दिवस ते काम केले. त्यांना सगळे पायरीपायरीने लिहून दिले होते आणि आर्टेमियाची बाटली कोणत्या वेळी लावावयाची ते घड्याळासकट दाखवले होते. मे महिन्यात गावी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा विचार मासा आणण्यापूर्वीच करावा. कुत्रे-मांजर बरोबर नेता येते, फार तर सोय लावता येते. हा पाहुणा मात्र तुमच्या घरी असलेल्या बरण्यांवरच जगतो.

मासा डिचोलीच्या त्या घरात दोन वर्षे आणि नऊ महिने राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात एके दिवशी तो दिसेनासा झाला आणि दुसऱ्या दिवशी खडकामागे सापडला. भाच्याने मला फोन केला तेव्हा पहिले वाक्य उच्चारले ते असे: "मामा, पोट भरलेले होते." मी काही बोललो नाही. आजी असती तर तिला सांगितले असते.

त्याने दुसरा मँडरिन आणला नाही. नोकरीनिमित्त फिरती सुरू झाली होती, आणि वेळ देता येणार नाही हे त्याने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे ठरविले. बरण्या मात्र बहिणीच्या खिडकीत अजून आहेत. कोणी नवा हौशी विचारावयास आला तर ती त्याला वाटीभर कोपेपॉड देते आणि सांगते, की मासा आज आणू नको. ही वाटी घरी नेऊन सहा आठवडे जगव. ती जगली आणि तुझा कंटाळाही जिंकलास, तर मग दुकानात जा. पेटी वर्षभर जुनी होऊ दे, पाणी दोनशे लिटरच्या खाली नको, आणि समुद्रघोडा कोणी देऊ केला तर घेऊ नको.

तिच्याकडून वाटी घेऊन गेलेल्यांपैकी बरेचजण परत येऊन सांगतात, की बरणी मेली. त्यांना ती पुन्हा वाटी भरून देते. मासा आणला नव्हता, हे त्यांनी बरे केले, एवढेच म्हणते.